आईच्या कार्डाचा सहावा महिना : आमच्या तालुक्याच्या तहसीलदारांना खुले पत्र

प्रति,
मा. तहसीलदार साहेब व पुरवठा निरीक्षक साहेब यांस,

साहेब, नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं का लिहितो आहे, ते आधी सांगतो. आमच्या वाडीतल्या माणसांना रेशनचं धान्य मिळत नाही, याच विषयावर मी तुमच्या कार्यालयात दोन अर्ज दिले. एक फेब्रुवारीत, एक ऑगस्टमध्ये. दोन्हींच्या पोचेवर शिक्का आहे, उत्तर एकाचंही आलेलं नाही. तालुक्याचं, वाडीचं आणि दुकानदाराचं नाव मी मुद्दाम टाळलं आहे. कुणा एका माणसाची बदनामी मला करायची नाही. आणि कोयनेच्या पाण्याकाठी आमच्यासारख्या वाड्या इतक्या आहेत की कुणालाही हे आपल्याच वाडीचं वाटेल. अर्जांचे आवक क्रमांक तुमच्या रजिस्टरला आहेत, तुम्हाला वाडी ओळखायला अडचण येणार नाही.

मी माथाडी आहे. तुर्भ्याच्या दाणा बाजारात टोळीत काम करतो, त्याला एकोणीस वर्षं झाली. माझे वडील याच कामावर होते, आधी मशीद बंदरच्या जुन्या दाणाबंदरात, मग बाजार इकडे आल्यावर इकडे. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे आमच्या घराला पगाराची, फंडाची आणि कोपरखैरण्यात एका खोलीची शाश्वती आली. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे. तांदूळ, तूरडाळ, चणा, साखर, रवा, मुंबई जे जे खाते ते आमच्या पाठीवरून गाळ्यात जातं आणि गाळ्यातून गाडीत चढतं.

१९ ऑक्टोबरला दिवाळीसाठी मी घरी पोचलो. पाणी प्यायलो आणि सवयीनं फळीवरचे डबे उघडून बघितले. डाळीचा डबा धुऊन पालथा घातला होता. तेलाच्या बाटलीच्या तळाशी बोटभर तेल होतं आणि आईनं बाटली चुलीजवळ तिरकी टेकवून ठेवली होती, म्हणजे उरलंसुरलं एका कडेला जमेल. मी विचारलं तर म्हणाली, "आरं, म्या काय खाऊन ऱ्हाते ते इचारू नगंस. चहा घे."

वाचणारा विचारेल, मुलगा कमावता असून आईकडे डाळ नाही? प्रश्न बरोबर आहे. मी पाठवतो. गणपतीला, दिवाळीला, शिमग्याला, गावाकडच्या माणसाबरोबर वीस-पंचवीस किलोची गोणी पाठवतो. मेमध्ये भरून दिलेली डाळ पावसाळ्याच्या दमट हवेत दोन महिन्यांत किडते, रव्याला जाळी धरते. यंदा गणपतीला पाण्यामुळे माणूसच वाडीवर पोचला नाही, गोणी पाण्यापलीकडच्या धक्क्यावरच्या चहावाल्याकडे सतरा दिवस पडून राहिली. ज्यांचा मुलगा पाठवू शकतो त्यांची ही गत. वाडीत अशीही चार घरं आहेत ज्यांच्यामागे पाठवणारं कुणी नाही.

वाडी कशी आहे ते थोडं सांगायला हवं, कारण तुमच्या नकाशात ती दुकानापासून जवळ दिसते. कोयना धरण पूर्ण झालं १९६४ ला. खाली नदीकाठची भाताची खाचरं, जुनी वाट, बाजाराचा रस्ता, सगळं धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं. काही घरं दूर पुनर्वसनात गेली, आमची मंडळी सरकत सरकत वर डोंगराला चिकटली. मागे जंगल, पुढे पाणी. पुढे कोयनेचं अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल राहिलं पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उतारावर नाचणी आणि वरी पिकवणाऱ्या माणसाला आता गव्यानं आणि डुकरांनी शेतात काही ठेवलेलं नाही. माझ्या लहानपणी घरात नाचणीच्या दोन कणग्या असायच्या, हुलगा असायचा, गोठ्यात दोन म्हशी असायच्या. मीठ, गूळ, तेल आणि चहापावडर सोडली तर बाहेरून फारसं काही लागत नव्हतं. आज वाडीत चौतीस उंबरे आहेत, त्यातले बारा कुलूपबंद. उरलेल्या घरांत बहुतेक साठीच्या पुढची माणसं. शेतं पडीक. म्हणजे जी माणसं आजवर स्वतःचं पिकवून खात होती, ती म्हातारपणी पूर्णपणे दुकानावर आली, आणि नेमकी त्याच वेळी दुकानं गेली.

दोन दुकानं होती. एक किराण्याचं, माझ्या चुलत्याचं. ओटीवर दोन फळ्या, एक तराजू, तेलाचा डबा, सुकटीची टोपली. दहा रुपयांचा बिस्किटपुडा तिथे बारा रुपयांना मिळायचा आणि ते बारा रुपये रास्त होते, कारण तो पुडा लाँचनं येऊन डोक्यावरून दोन किलोमीटर चढलेला असायचा. चुलता उधार द्यायचा, कुणी दोन दिवस दिसलं नाही तर घरी जाऊन बघायचा. गिऱ्हाईक कमी होत गेलं, चुलता थकला, २०२२ ला त्यानं फळ्या काढल्या. यात तुमचा काही दोष नाही. खाजगी दुकान चालायला माणसं लागतात आणि आमची माणसं मुंबईला आहेत.

दुसरं दुकान मात्र सरकारचं होतं. आमच्यासह पाच वाड्यांचं रास्त भाव दुकान शेजारच्या वाडीत, पाऊण तासाच्या पायवाटेवर होतं. मे २०२४ मध्ये दुकानदारानं प्राधिकारपत्र, म्हणजे दुकानाचा परवाना, परत केलं आणि तुमच्या कार्यालयानं पाचही वाड्यांची कार्डं पाण्यापलीकडच्या गावातल्या दुकानाला जोडून टाकली. 'तात्पुरती' असं आदेशात लिहिलं आहे. त्याला दीड वर्ष झालं.

जुन्या दुकानदारानं का सोडलं, ते मी त्याच्या ओटीवर बसून ऐकलं आहे. पाच वाड्यांचं मिळून महिन्याला बावीस क्विंटलच्या आसपास धान्य. त्या वेळी मार्जिन, म्हणजे दुकानदाराचं कमिशन, क्विंटलला १५० रुपये, म्हणजे महिन्याचे ३,३०० रुपये. सरकारी गाडी माल आणून टाकायची ती पलीकडच्या धक्क्यावर, कारण पुढे रस्ता नाही. तिथून लाँचचं भाडं, अलीकडे उतरवायची हमाली, मग चढ. ते सगळं त्याच ३,३०० मधून. अंगठा घ्यायच्या मशीनला रेंज मिळावी म्हणून तो मशीन घेऊन टेकडीवर जायचा आणि लोक रांगेनं त्याच्यामागे. या वर्षी सरकारनं मार्जिन २० रुपयांनी वाढवून १७० केलं, चांगलं केलं. पण हिशोब करून बघा, बावीस क्विंटलला ४४० रुपये वाढले. सपाटीवरच्या, दोनशे क्विंटल उचलणाऱ्या दुकानाला आणि आमच्या डोंगरातल्या दुकानाला एकच दर लावला की डोंगरातलं दुकान बंदच पडणार. त्याच्या जागी मी असतो तरी सोडलं असतं.

आता २८ ऑक्टोबरचा दिवस सांगतो. मंगळवार होता. लाँच आमच्या धक्क्याला मंगळवारी आणि शुक्रवारी लागते, वारा नसला तर. आईचं वय एकाहत्तर, चुलती अडुसष्ट. दोघींचं मिळून एक कार्ड, प्राधान्य कुटुंबाचं. माणशी ५ किलो म्हणजे महिन्याला १० किलो. त्या १० किलोंसाठी आम्ही सकाळी सहाला निघालो. धक्क्यापर्यंत दोन किलोमीटरची उतरण, आई काठी टेकत आणि मध्ये मध्ये बसत. चाळीस मिनिटं लाँच. पलीकडे परत दोन किलोमीटर चढण. दुकानावर साडेदहाला पोचलो. रांगेत आमच्यासारखीच पाण्यापलीकडची अकरा माणसं होती, सगळ्यांची नजर घड्याळावर, कारण लाँच तीनला परत सुटते आणि ती चुकली तर मुक्काम.

आईचा नंबर लागला. मशीनवर अंगठा ठेवला, जुळला नाही. दुसरा ठेवला, नाही. दुकानदार भला माणूस आहे, त्यानं स्वतः पाणी आणून दिलं. आईनं हात धुतला, पदराला पुसला. रांगेतल्या एका बाईनं पिशवीतून खोबरेल काढून दिलं, ते अंगठ्याला चोळून पुसलं. सहा वेळा झालं. साठ वर्षं जिनं नाचणीची रोपं लावली, शेण थापलं, दगड वेचले, तिच्या अंगठ्यावर रेघ कुठून राहील? चुलतीचंही तेच. मग दुकानदारानं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवल्याची नोंद, बघितली, तीही अपुरी. त्याचा ओटीपी जातो माझ्या वडिलांच्या नंबरवर. वडील २०२१ ला गेले, सिमकार्ड तेव्हाच बंद झालं. चेहरा दाखवून करायचं अ‍ॅप आहे हे मला माहीत होतं, ते मी माझ्या मोबाइलवर उघडलं, पण आधारला जोडलेल्या नंबरवरच ओटीपी लागतो, तिथेच गाडी अडली.

आणि मग दुकानदारानं स्क्रीनकडे बघत सांगितलं, "दादा, जूनपासून पाच महिने उचल शून्य दाखवतंय. सहावा महिना गेला की कार्ड बंद पडंल." मी वाद घालायला लागलो तर आईनंच माझा हात धरला. "गप ऱ्हा. त्येच्या हातात काय हाय? मशीन सांगतंया." रिकामी पिशवी घडी करून तिनं कमरेला खोचली आणि आम्ही तीनची लाँच धरली. येताना ती एवढंच म्हणाली, की आता पुन्हा नको, पाय उचलत नाहीत.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं नियम बदलला. ज्या कार्डावर सहा महिने धान्य उचललं नाही, ते तात्पुरतं बंद करायचं आणि मग घरी जाऊन पडताळणी करायची. खोटी कार्डं शोधायला हा नियम असेल, त्याला माझा विरोध नाही. पण साहेब, आमच्या वाडीत 'न उचलणारी' माणसं खोटी नाहीत. ती उपाशी आहेत म्हणून उचल शून्य आहे. आधी दुकान लांब न्यायचं, मग ती पोचली नाहीत म्हणून त्यांना गरज नाही असं समजायचं, आणि मग कार्ड बंद करायचं. नोव्हेंबर संपला की माझ्या आईच्या कार्डाचा सहावा महिना भरतो. हे पत्र आजच लिहिण्याचं कारण तेवढंच.

ते पाच महिने शून्य कसे झाले, तेही ऐका. पावसाळ्यासाठी जून, जुलै आणि ऑगस्टचं धान्य एकदम आगाऊ द्या, असं केंद्रानं यंदा मेमध्येच राज्यांना सांगितलं होतं. फार चांगला निर्णय. आमच्यासारख्या ठिकाणी तो दरवर्षी व्हायला हवा. पण यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, घाटमाथ्यावर त्याच दिवसांत कोसळत होता. तीन महिन्यांचा माल पलीकडच्या दुकानात जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. तोवर लाँच बंद होती. आणि असती तरी दोन म्हाताऱ्यांनी ३० किलो पाठीवर घेऊन तो चढ कसा चढायचा? ३० किलो मला काहीच नाही, मी पन्नास किलोचं पोतं दिवसभर उचलतो. आईला ते तिच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं आहे. मुदत संपली तसं ते धान्य गेलं. सप्टेंबरात वारा होता. ऑक्टोबरात अंगठा.

आता बाकीची गाऱ्हाणी.

एक. माल दुकानात कधी येणार आणि किती दिवस वाटणार, हे आम्हाला कळत नाही. कधी महिन्याच्या दहा तारखेला, कधी पंचवीसला. लाँचचे आठवड्याला दोन दिवस, त्यात माल नसला तर फेरी वाया. एका फेरीला माणशी लाँचचे पैसे, चहापाणी, आणि हातावर पोट असलेल्याची एका दिवसाची मजुरी. धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे हे खरं. आमच्या वाडीला ते फुकट पडत नाही.

दोन. कार्ड कुठेही चालतं, ही सोय देशभर झाली आहे. जानेवारीत आई माझ्याकडे आली होती, मी तिला कोपरखैरण्याच्या दुकानावर नेलं. अंगठा दुसऱ्या खेपेला लागला, दहा मिनिटांत १० किलो हातात. म्हणजे जिथं ती वर्षातून एकदा येते तिथं तिचं धान्य तिला मिळतं, आणि जिथं ती जन्मभर राहिली तिथं मिळत नाही. या सोयीची दुसरी बाजूही सांगतो, कारण आमच्याच माणसांची चूक झाकायची नाही. काही घरांत मुलं मुंबईत पूर्ण कार्डाचं धान्य उचलतात आणि गावातल्या म्हाताऱ्यांना दुकानावर गेल्यावर कळतं की या महिन्याचं संपलं. मी आमच्या गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाच्या बैठकीत यावर बोललो आहे आणि पुढेही बोलणार.

तीन. गहू-तांदळावर माणूस जगत नाही. आमच्याकडं गहू कुणाच्या पोटी नव्हताच, भाकरी नाचणीची. डाळ, तेल, मीठ, साखर यांचं काय? दिवाळी २०२२ ला १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा शिधा सरकारनं दिला. त्या वेळी आमचं दुकान चालू होतं, पिशवी वाडीपर्यंत आली. आई अजून त्या तेलाची आठवण काढते. पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, अळू दाराशी उगवतं, पण रानभाजी परतायला पळीभर तेल लागतं. तेल नसलं की ती मीठ घालून उकडते. यंदाच्या जुलै-ऑगस्टात ती आणि चुलती भात, उकडलेली भाजी आणि मिरचीचा ठेचा यावर होत्या. भातही शेजाऱ्याकडून उसना. ऑगस्टात आशाताईंनी चुलतीचं रक्त तपासलं, ते फार कमी निघालं. गोळ्या दिल्या. गोळीबरोबर खायला काय दिलं, असं कुणी विचारलं नाही.

चार. ही गोष्ट लिहिताना मला राग येतो, पण शांतपणे लिहितो. त्याच जलाशयात पर्यटकांच्या बोटी रोज फिरतात. वरच्या अंगाला जी नवीन राहण्याची ठिकाणं झाली आहेत, तिथं पाव, अंडी, कोंबडी, पाण्याच्या बाटल्या बोटीनं सकाळी पोचतात. ते वाईट नाही. आमची चार पोरं तिथं कामाला आहेत. पण त्यावरून एक दिसतं, की पाण्यावरून माल नेणं अवघड नाही. महिन्यातून एक दिवस बावीस क्विंटल धान्य घेऊन एक बोट आमच्या काठाला का लागू शकत नाही?

मी कायदा शिकलेला नाही, बारावी झालो आहे. पण युनियनमध्ये राहून वाचायची सवय लागली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ३० मी चार वेळा वाचलं. दुर्गम, पोचायला अवघड, डोंगराळ आणि आदिवासी भागांतल्या दुर्बल घटकांकडे केंद्र आणि राज्य या दोघांनी विशेष लक्ष द्यायचं, असं त्यात लिहिलं आहे. रेशन व्यवस्थेसाठी जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेला २०१५ चा नियंत्रण आदेश आहे. दुकान अशा जागी असावं की कार्डधारकाला पोचायला अडचण होणार नाही, आणि डोंगराळ भागात नीट सोय होईल हे राज्यानं बघावं, असं त्यात आहे. आमची कार्डं पाण्यापलीकडे जोडताना हा आदेश कुणी उघडून बघितला का? अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १२ मध्ये दुकानं देताना पंचायती, बचत गट, सहकारी संस्था यांना प्राधान्य आणि चालवायला महिला, असं आहे. कलम ८ सांगतं की हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्या माणसाला अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना कळवलं आहे की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्यावरून पात्र माणसाला धान्य नाकारू नका. म्हणजे मी जे मागणार आहे त्यातलं जवळजवळ काहीच नवं नाही. ते सगळं लिहून ठेवलेलं आहे, फक्त आमच्या काठापर्यंत आलेलं नाही.

तर आमच्या मागण्या अशा आहेत.

पहिली आणि तातडीची : पाचही वाड्यांतलं एकही कार्ड 'सहा महिने उचल नाही' म्हणून बंद करू नका. आधी माणूस पाठवा. बंद झाल्यावर घरी येऊन पडताळणी करायची असं नियमातच आहे, आमची विनंती एवढीच की बंद करायच्या आधी या. येणाऱ्यानं ई-केवायसीची सोय बरोबर आणावी, आधारचा नंबर बदलून देणाराही सोबत असावा. ज्यांचा अंगठा उठत नाही, त्यांची नोंद वहीत सहीनं किंवा नामनिर्देशित माणसाच्या अंगठ्यानं करावी. एका दिवसाचं काम आहे.

दुसरी : नवं दुकान होईपर्यंत दर महिन्याला एक ठरलेला दिवस धान्य आणि मशीन घेऊन बोट आमच्या धक्क्याला यावी. वाटप वाडीतल्या शाळेच्या पडवीत करावं. शाळा पटसंख्येअभावी बंद आहे, पडवी मोकळी आहे, छप्पर शाबूत आहे. टेकडीवर रेंज मिळते ती जागा आम्ही दाखवू. तारीख आधी कळली पाहिजे, फळ्यावर लिहिली तरी चालेल.

तिसरी : पाच वाड्यांसाठी दुकानाचा जाहीरनामा काढा आणि तो अलीकडच्या काठावरच्या प्रत्येक वाडीत लावा. शेजारच्या वाडीत बायकांचा बचत गट आहे, नऊ वर्षं एकही हप्ता थकलेला नाही. त्या तयार आहेत. मी त्यांच्याशी बोललो तेव्हा अध्यक्ष बाईंनी एकच विचारलं, धक्क्यापासून वरपर्यंतचा खर्च कुणाचा? माझंही विचारणं तेच आहे. पाण्यावरची आणि चढावरची वाहतूक सरकारनं वेगळी द्यावी, मार्जिनमधून कापू नये. हे झालं नाही तर नवं दुकानही दोन वर्षांत बंद पडेल आणि मी पुन्हा असंच पत्र लिहीत बसेन.

चौथी : जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचं धान्य १५ मेच्या आत वाडीत पोचवा. राज्याच्या आदिवासी तालुक्यांत पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना आधीच धान्य नेऊन ठेवायची रीत फार वर्षांची आहे. आमचं नाव त्या यादीत नाही, कारण आमचा तालुका आदिवासी नाही. पण पाणी चढलं की आम्हीही तितकेच तुटतो. ठेवायला जागा म्हणाल तर शाळेचा वर्ग आहे, आणि पाच कोठ्या आमचं मुंबईचं मंडळ वर्गणी काढून घेऊन देईल, तसा ठराव झाला आहे.

पाचवी : ज्यांची उचल जूनपासून शून्य आहे त्यांच्यासाठी कलम ८ प्रमाणे भत्त्याचा प्रस्ताव जिल्ह्याला पाठवा. पैसे थोडेच होतील. पण ती माणसं मागायला आली नाहीत असं नसून तुम्ही द्यायला पोचला नाहीत, हे कागदावर तरी बरोबर लिहिलं जाईल.

डाळ, तेल आणि नाचणीचं तुमच्या हातात नाही, हे मला समजतं. तो निर्णय मंत्रालयाचा. पण गव्हाऐवजी नाचणी मिळावी अशी पाच वाड्यांची मागणी आहे, हे तुमच्या अहवालात एका ओळीनं वर जाऊ शकतं. कायद्यात भरड धान्याला जागा आहे. आमच्या पलीकडच्या खोऱ्यात अजून नाचणी पिकते, ती विकत घेऊन आम्हालाच दिली तर पिकवणाराही टिकेल.

लोकप्रतिनिधींनाही या पत्राची प्रत पाठवतो आहे. त्यांच्याकडे वेगळं मागणं नाही. दर निवडणुकीला मतदान यंत्र आणि पाच कर्मचारी बोटीनं आमच्या वाडीवर येतात, शाळेच्या पडवीत मुक्काम करतात, एक मतदार असला तरी त्याचं मत घेऊन जातात. मला त्याचा अभिमान वाटतो. तशीच बोट आणि तीच पडवी दर महिन्याला एकदा धान्यासाठी वापरावी, यासाठी त्यांनी तुमच्या पाठीशी उभं राहावं.

मी १४ नोव्हेंबरला, शुक्रवारी, पुन्हा गावी जातो आहे. टोळीच्या मुकादमानं सहा दिवसांची सुट्टी दिली आहे. मंगळवारी १८ तारखेला लाँच लागते, त्या दिवशी तुमचा माणूस आला तर उत्तम. दुसरा कोणताही दिवस ३० तारखेच्या आत कळवला तरी आम्ही हजर राहू. धक्क्यावर वाट दाखवायला माणूस उभा करतो. बरोबर या महिन्याचं धान्य आणलंत तर चढणीला हमाल शोधू नका. तुर्भ्याहून आमच्या टोळीतले आणखी सहाजण माझ्याबरोबर यायला तयार आहेत. पोती आम्ही वर नेऊ.

आपला,
पाण्याकाठच्या वाडीतला एक माथाडी
कोपरखैरणे, नोव्हेंबर २०२५